चार हजार ‘बहुधा’ गाळणाऱ्या सर्व्हरची कहाणी

मी एक जुना सर्व्हर आहे. पण मित्रांनो, नुसते ‘जुना’ म्हणून मी थांबणार नाही. कशावरून जुना, तेही सांगतो. माझ्या पाठीवर कारखान्याची एक चकचकीत पट्टी होती, तिच्यावरचा आकडा आता पार पुसून गेला आहे. माझ्या दोन पंख्यांपैकी एक बदललेला आहे आणि दुसरा बदलायला हवा होता. माझ्या पोटात बसतात तसल्या डिस्क आता बाजारात मिळत नाहीत. झाले तीन पुरावे. पुराव्याशिवाय मी कोणतीच गोष्ट सांगत नाही. ही सवय मला जन्मापासून नव्हती. ती कशी लागली, त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्ही चाळीस भावंडे एका फळीवर ओळीने उभी होतो. एका कारागिराने माझे झाकण बसवले, सोळा स्क्रू आवळले आणि डोक्यावर एक थाप मारली. तेवढाच काय तो माझा लाड. माझे भाऊ कुठे कुठे गेले. कोणी विमानतळावर तिकिटे छापायला, कोणी लोकांना सिनेमे दाखवायला. मला एका संशोधन संस्थेत पाठवले.

खोका उघडला तेव्हा मी जरा हिरमुसलोच. मला वाटले होते की काचेची खोली असेल, निळे दिवे असतील. मिळाली जिन्याखालची खोली. पूर्वी तिथे काचेच्या बरण्या ठेवत, आणि फुटक्या बरण्या एका कोपऱ्यात अजूनही होत्या. खोली गार ठेवणाऱ्या यंत्रातून पाणी ठिबकत असे. म्हणून त्याच्याखाली एक हिरवी बादली ठेवली होती आणि ओल लागू नये म्हणून मला एका लाकडी स्टुलावर बसवले होते. बादली आणि मी पुढे अकरा वर्षे शेजारी होतो. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्या खोलीत दोन माणसे माझी वाट पाहत होती. एक मोठ्या बाई. त्या वयाने मोठ्या नव्हत्या आणि उंचीने तर मुळीच नव्हत्या. त्या आवाजाने मोठ्या होत्या. वनस्पतींचा अभ्यास करून त्या संशोधक झाल्या होत्या, आणि हे नवे काम त्यांच्याच डोक्यातून निघाले होते. दुसरा, माझे प्रोग्रॅम लिहिणारा. त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत. काहीही सांगितले की ‘करू, सावकाश करू’ हे त्याचे पहिले वाक्य असे. बोटे मात्र भराभर चालत.

आता काम काय होते ते नीट ऐका. प्रत्येक सजीवाच्या पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. घेवड्यात असतो, उंदरात असतो, तुमच्यात असतो आणि तुमच्या वर्गशिक्षकांतही असतो. तो फक्त चार अक्षरांत लिहिलेला असतो. या सगळ्या मजकुराला जीनोम म्हणतात. एका घेवड्याचाच मजकूर पन्नास-साठ कोटी अक्षरांचा भरतो. मधे रिकामी जागा नाही, विरामचिन्ह नाही, परिच्छेद नाही. यंत्रे हा मजकूर वाचून काढतात, पण वाचणे निराळे आणि कळणे निराळे. कुठून कुठपर्यंतचा तुकडा कामाचा आणि तो नेमके काय काम करतो, हे कोणीतरी समजून घेऊन त्या तुकड्याला चिठ्ठी लावावी लागते. ‘इथून इथपर्यंत: पान हिरवे ठेवणे.’ ‘इथून इथपर्यंत: शेंगेचा रंग.’ अशा कामाच्या तुकड्यांना जनुके म्हणतात, आणि त्यांना चिठ्ठ्या लावणे हे मोठ्या बाईंचे काम होते.

चिठ्ठ्या त्यापूर्वीही होत्या, पण ज्याच्या त्याच्या कपाटात. इकडे एकाने शोधून काढलेला तुकडा तिकडे दुसरी पुन्हा शोधत बसे आणि तिची दोन वर्षे त्यात जात. मोठ्या बाईंचे म्हणणे एवढेच होते की सगळ्या चिठ्ठ्या एका जागी ठेवाव्यात आणि दाराला कुलूप नसावे. कोणाला नाव विचारायचे नाही, ओळखपत्र मागायचे नाही. ज्याला हवे त्याने यावे, पाहावे, घेऊन जावे. याला त्यांनी ‘खुले भांडार’ असे नाव दिले. ते सगळे भांडार माझ्या पोटात होते.

मोठ्या बाईंचे वडील दुपारी त्यांचा डबा घेऊन येत. सगळे त्यांना अप्पा म्हणत. त्यांना जरा कमी ऐकू येई. चाळीस वर्षे त्यांनी औषधांच्या दुकानात औषधे मिसळून बाटल्या भरल्या होत्या. हाताला लागेल त्या वस्तूवरची चिठ्ठी मोठ्याने वाचायची, ही त्यांची जुनी खोड. माझ्या पाठीवरची पट्टीही त्यांनी पहिल्याच दिवशी खणखणीत आवाजात वाचून दाखवली. भांडार म्हणजे दुकानच, असा त्यांचा ठाम समज होता आणि तो दूर करायच्या भानगडीत कोणी पडले नाही.

“आज गिऱ्हाईक किती?” ते रोज विचारत.

“चारशे, अप्पा.”

“चारशे गिऱ्हाईक आणि बसायला धड खुर्ची नाही!” असे म्हणून ते बादलीकडे रागाने पाहत.

भांडार वाढले. वरच्या मजल्यावर एका लांब टेबलाभोवती चिठ्ठ्या लिहिणारे आठजण बसू लागले. वाटाणा आला, घेवडा आला, गहू आला, एक गोगलगायही आली. दूरदूरच्या प्रयोगशाळांतून लोक माझ्याकडे येत आणि चिठ्ठ्या घेऊन जात. एका वर्तमानपत्राने आमचा फोटो छापला. त्यात मोठ्या बाई आहेत, सावकाश आहे, माझा डावा कोपरा आहे आणि हिरवी बादली पूर्ण आहे. तरीही मी फुशारून गेलो. मी रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या भांडाराची एक प्रत करून बाजूला ठेवत असे, आणि त्या जुन्या प्रतीही सगळ्यांना पाहता येत. ‘शिळ्या फायली कोण पाहणार?’ असे लोक म्हणत. मोठ्या बाई म्हणत, “असू दे. जागा आहे ना?” हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगताना मला आनंद होत नाही, पण मी ती टाळणार नाही.

दुसऱ्या वर्षाची गोष्ट. चिठ्ठ्या लिहिणारे आठ आणि त्यांच्या तऱ्हाही आठ. खात्री असली की सगळे सारखेच लिहीत. खात्री नसली की एकजण ‘बहुधा’ लिही, दुसरी ‘असावे’, तिसरा ‘असे वाटते’, आणि एक गृहस्थ तर ‘नक्की सांगता येत नाही, पण हरकत नाही’ असे लिहून मोकळे होत. खात्री नसण्यात काही गैर नव्हते. वाटाण्यातला एखादा तुकडा रोग रोखतो, असे प्रयोगात दिसलेले असते. घेवड्यातला एक तुकडा त्याच्यासारखाच दिसतो. म्हणून तोही बहुधा तेच काम करत असेल. दोन भावांचे नाक सारखे आहे म्हणून स्वभावही सारखा असेल, अशातला हा अंदाज. अंदाज हा अंदाज म्हणून ठेवला तर फार उपयोगी पडतो.

पण याद्या दिसायला गबाळ्या झाल्या. शोधणाऱ्यांना शोधता येईना, तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा मोठ्या बाईंनी नियम केला की चिठ्ठीवर फक्त काम लिहायचे, मोघम शब्द काढून टाकायचे, आणि खात्री किती आहे ते शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहायचे. नियम उत्तम होता. सावकाशने शब्द काढायचा प्रोग्रॅम लिहून माझ्या हाती दिला. मी एका दुपारीत चार हजार दोनशे सतरा चिठ्ठ्यांवरून ‘बहुधा’, ‘असावे’, ‘वाटते’ हे सगळे तण उपटावे तसे उपटून काढले. यादी काय देखणी दिसू लागली! वरच्या मजल्यावर टाळ्या वाजल्या. मला माझाच अभिमान वाटला.

राहिला तो शेजारचा रकाना. तो पुढच्या सोमवारी करायचे ठरले. सोमवारी गव्हाचे मोठे काम आले. त्याच्या पुढच्या सोमवारी सावकाशला, तिशीतल्या माणसाला, कांजिण्या झाल्या. त्याच्या पुढच्या सोमवारी कोणाला आठवलेच नाही. मित्रांनो, ‘पुढच्या सोमवारी’ या शब्दांपासून सावध राहा. आमचा पुढचा सोमवार सहा वर्षांनी उजाडला.

त्या सहा वर्षांत अंदाज उजळ माथ्याने खात्री म्हणून फिरत राहिले. मी स्वतः ते हसतमुखाने वाटत होतो.

मग ते पत्र आले. दिवस सोमवारच होता. त्याच आठवड्यात, शुक्रवारी, तीन परीक्षक भांडार पाहायला येणार होते. भांडार असेच खुले ठेवायचे, की कुलूप लावून फक्त सभासदांना आत घ्यायचे, हे ते ठरवणार होते. संस्थेच्या संचालकसाहेबांना कुलूप बरे वाटे. माणूस वाईट नव्हता. उघड्या दारातून कोण आत येईल याची त्यांना धास्ती वाटे, इतकेच. मोठ्या बाईंना मात्र कुलूप या शब्दानेच घास उतरत नसे. आठ वर्षे त्यांनी याच दारासाठी घालवली होती. ते बंद झाले तर आपण उरलो काय आणि गेलो काय, असे त्या सावकाशला एकदा म्हणाल्या होत्या. मी ऐकले आहे.

पत्र एका अनोळखी बाईंचे होते. त्या लांबच्या कुठल्यातरी केंद्रात घेवड्याच्या नव्या जाती तयार करत. आपण त्यांना घेवडावाल्या बाई म्हणू. घेवड्यावर तांबेरा नावाचा रोग पडतो. पानांवर तांबूस ठिपके उठतात, बोट लावले की भुकटी लागते आणि रोप खंगते. आमच्या भांडारात घेवड्याच्या एका तुकड्यावर ‘तांबेरा रोखणे’ अशी चिठ्ठी होती. तिच्यावर विसंबून त्यांनी तो तुकडा असलेली रोपे निवडली, त्यांचे संकर केले, तीन वर्षे राबल्या. दोन हजार रोपे वाढवली. दोन हजारच्या दोन हजार रोपांवर तांबेरा पडला.

मोठ्या बाई जिन्याखालच्या खोलीत उभ्या राहून पत्र वाचत होत्या. सावकाश ऐकत होता. शेवटचा भाग असा होता:

‘तुमच्याकडे जुन्या दिवसांच्या फायलीही ठेवलेल्या आहेत. त्या मी एकेक उघडून पाहिल्या. पहिल्या वर्षाच्या फायलीत या चिठ्ठीवर “तांबेरा रोखणे, बहुधा” असे लिहिलेले आहे. दुसऱ्या वर्षापासून नुसते “तांबेरा रोखणे” आहे. मधल्या काळात कोणी प्रयोग केला असेल, तर तो मला पाहायचा आहे. केला नसेल, तर तो “बहुधा” कुठे गेला, ते कृपया कळवावे.’

एवढे वाचताना मोठ्या बाईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झालेला मी ऐकला. प्रत्येक चिठ्ठीखाली ती लिहिणाऱ्याची सही असते. या चिठ्ठीखाली त्यांचीच होती.

सावकाशने लगेच शब्द गाळलेल्या चिठ्ठ्यांची मोजणी केली. चार हजार दोनशे सतरा. मग तो म्हणाला, “बाई, प्रोग्रॅम माझा होता.”

“नियम माझा होता.”

“आणि रकाना?”

“रकाना दोघांचा.”

मला कोणी विचारले नाही. पण हात माझे होते. ते मी आज इथे सांगून टाकतो.

संचालकसाहेब धावत खाली आले. मोठ्या बाईंना त्याच दिवशी सगळ्यांना कळवायचे होते. साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. “कळवा ना, नाही कोण म्हणतंय? पण शुक्रवार होऊ द्या. परीक्षक येऊन जाऊ द्या. चार दिवसांत घेवडा काही पळून जात नाही.”

बोलणे अगदीच चुकीचे नव्हते, तीच तर अडचण होती.  चूक कबूल केली तर दाराला कुलूप लागणार हे मोठ्या बाईंना दिसत होते. लपवली तर दार उघडे राहील, पण उघड्या दारातून लोक काय नेतील, हेही दिसत होते.

दुपारी अप्पा डबा घेऊन आले. मोठ्या बाईंनी डबा उघडलाच नाही. बादलीतल्या पाण्याकडे पाहत त्यांनी मोठ्याने विचारले, “अप्पा, तुमच्या हातून कधी चुकीची चिठ्ठी लागली होती का हो बाटलीला?”

अप्पांना हे बरोबर ऐकू गेले. “एकदा,” ते म्हणाले. “खोकल्याचं औषध. पोरांचं आणि मोठ्यांचं, चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. नऊ बाटल्या गेल्या. मालक म्हणाला, गप्प बस, कोणाला कळतंय! मी वही काढली, नावं पाहिली आणि सायकलवर टांग मारली. नऊ घरं. आठव्या घरी शिव्या खाल्ल्या, नवव्या घरी चहा मिळाला.”

“आमच्याकडे वहीच नाही, अप्पा. कोण येतं, काय नेतं, आम्ही विचारतच नाही. कोणाच्या घरी जाऊ? आणि साहेब म्हणतात, शुक्रवारपर्यंत थांबा.”

असले दुकान अप्पांनी कधी पाहिले नव्हते.

“वही नाही, तर पाटी लाव,” ते म्हणाले. “आत नको, दारावर. मोठ्या अक्षरात. येईल तो वाचेल. ज्या दुकानात वही नाही त्याला दुसरा इलाज नाही. आणि आजच लाव. खोकला शुक्रवारपर्यंत थांबत नसतो. आता जेव.”

तीन वाजता पाटी लागली. भांडार उघडताच सगळ्यात आधी दिसेल अशी. मला ती तोंडपाठ आहे: ‘या भांडारातील ४,२१७ चिठ्ठ्यांवरून “बहुधा” आणि तसेच इतर शब्द आम्ही काढून टाकले. ते अंदाज होते, खात्री नव्हती. चूक आमची आहे. चिठ्ठ्यांची यादी खाली दिली आहे. ज्यांनी त्या नेल्या असतील त्यांनी त्या तपासून पाहाव्यात आणि काही कळल्यास आम्हाला सांगावे.’ खाली मोठ्या बाईंची सही, तिच्या शेजारी सावकाशची.

संचालकसाहेब पाटी वाचून खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

मग पत्रांचा पाऊस सुरू झाला. काही लोक भडकले होते, आणि त्यांचा राग रास्त होता. एकाने विचारले, ‘हे चिठ्ठ्यांचे भांडार आहे की अफवांचे?’ मोठ्या बाईंनी त्यालाही उत्तर दिले. पण दुसऱ्या दिवसापासून निराळीच पत्रे येऊ लागली. ‘तुमच्या यादीतला हा तुकडा आम्ही तपासलेला आहे, तुमचा अंदाज बरोबर होता, हा घ्या प्रयोग.’ ‘हा साफ चूक आहे, आमच्याकडे पुरावा आहे.’ कोणाच्या कपाटात काय काय पडले होते! गुरुवारी संध्याकाळपर्यंत तीनशेच्या वर चिठ्ठ्यांचा निकाल लागला. त्या चार दिवसांत सावकाशने ‘सावकाश’ हा शब्द एकदाही उच्चारला नाही.

शुक्रवारी परीक्षक आले. खोली केवढीशी, त्यात तिघे आत शिरले. त्यांच्यात ज्येष्ठ होत्या त्या संख्याशास्त्रज्ञ बाई, पांढरे केस, बारीक नजर. दुसरे गृहस्थ जेमतेम दाराच्या आत उभे होते. तिसऱ्यांनी एक पाऊल मागे घेतले आणि ते सरळ बादलीत पडले. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

संख्याशास्त्रज्ञ बाईंनी तिकडे लक्षच दिले नाही. “पाटी वाचली,” त्या मोठ्या बाईंना म्हणाल्या. “इतकी मोठी चूक केलीत. मग दार उघडं का ठेवावं आम्ही?”

“कारण ही चूक आम्ही शोधलीच नाही,” मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज परत मोठा झाला होता. “आम्ही आठ जण सहा वर्षं इथं बसलो, आम्हाला दिसली नाही. ती शोधली एका बाईंनी. त्या आमच्या ओळखीच्या नाहीत, सभासद नाहीत. कुलूप असतं तर पहिल्या वर्षाची फाईल त्यांना उघडता आली नसती. चूक झाकलेली राहिली असती, पण चूकच राहिली असती.”

“दाखवा ती फाईल.”

आता पाळी माझी होती. मित्रांनो, खरे सांगतो, माझा पंखा त्या वेळी जरा जास्तच घरघरला. आठ वर्षांपूर्वीची फाईल, डिस्कच्या पार तळाशी. मला नऊ सेकंद लागले. नऊ सेकंद कोणी हलले नाही. मग पडद्यावर ती ओळ आली: तांबेरा रोखणे, बहुधा. शेजारी पहिल्या वर्षातली तारीख. एक अक्षर हललेले नव्हते.

संख्याशास्त्रज्ञ बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि वहीत काहीतरी लिहिले. जाताना त्यांनी माझ्या झाकणावर हात ठेवला. कारखान्यातल्या थापेनंतर मला लाभलेला तो दुसरा हात.

पंधरा दिवसांनी निकाल आला. दार उघडे राहणार होते. अट एकच घातली होती: तो राहिलेला रकाना करावा. अटीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘पुढच्या सोमवारी नव्हे.’ हे त्यांना कोणी सांगितले, ते मला आजतागायत कळलेले नाही. माझा संशय साहेबांवर आहे, पण पुरावा नाही.

रकाना त्याच दिवशी झाला. मोठ्या बाईंनी त्याचे नाव ठेवले ‘कशावरून?’ तो भरल्याशिवाय मी कोणतीही चिठ्ठी आत घेत नसे, मग ती मोठ्या बाईंची का असेना. ‘प्रयोगात दिसले’ लिहा, ‘अमक्यासारखे दिसते’ लिहा, ‘माहीत नाही’ लिहा, सगळे चालत असे. कोरा रकाना मात्र चालत नसे. जुन्या सगळ्या चिठ्ठ्यांचे रकाने भरायला अकरा महिने लागले.

त्या रकान्यातली पहिली नोंद कोणाची, ते सांगायचे राहिले. मोठ्या बाईंनी घेवडावाल्या बाईंना लिहिले होते, ‘तुमची तीन वर्षे मी तुम्हाला परत देऊ शकत नाही. त्याबद्दल मला फार वाईट वाटते.’ त्यांचे उत्तर आले: ‘ती वाया गेली असेच मीही धरून चालले होते. पण हा तुकडा तांबेरा रोखत नाही, हे आज खात्रीने सांगू शकेल अशी मी एकटीच असेन. हे तुमच्या रकान्यात बसते का?’

बसत होते. पहिली नोंद अशी झाली: ‘तांबेरा रोखत नाही. कशावरून? दोन हजार रोपे, तीन वर्षे, डोळ्यांनी पाहिले.’ खाली त्यांची सही. मोठ्या बाईंनी ती स्वतः टाइप केली आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसल्या.

पाटी पाहून आलेल्या पत्रांत एक पत्र घेवड्याच्याच दुसऱ्या एका तुकड्याबद्दल होते. घेवडावाल्या बाईंनी तो धरून पुन्हा सुरुवात केली. दोन वर्षांनी त्यांचे एका ओळीचे पत्र आले: ‘या वर्षी पाने हिरवी आहेत.’ ते मोठ्या बाईंनी माझ्यासमोरच्या भिंतीवर चिकटवले. तशी हिरवाई त्या खोलीत बादलीशिवाय दुसरी नव्हती.

अकराव्या वर्षी नवा सर्व्हर आला. त्याला खरोखरच काचेची खोली मिळाली. माझ्या पोटातले जवळजवळ सगळे त्याने एका दुपारीत उचलले, आणि मी जिन्याखालून निघून लांब बोळात येऊन पडलो, भिंतीकडे तोंड करून. सामान-विभागातल्या कोणीतरी माझ्यावर चिठ्ठी चिकटवली: ‘निकामी. भंगारात देणे.’ मित्रांनो, तीन महिने मी ती चिठ्ठी अंगावर वागवली. येणारे-जाणारे माझ्यावर छत्र्या ठेवत. मला वाईट वाटले, ते कबूल करतो. मी काही बिघडलेलो नव्हतो. मला कोणी सुरू करून पाहिले नव्हते, एवढेच.

मग मोठ्या बाईंचा संस्थेतला शेवटचा दिवस उजाडला. त्यांना घरी न्यायला अप्पा काठी टेकत आले होते. बोळातून जाताना ते माझ्यापाशी थांबले. समोर चिठ्ठी दिसल्यावर अप्पा न वाचता पुढे जातील, हे शक्यच नव्हते. त्यांनी वाकून ती वाचली, आणि कान गेलेल्या माणसाच्या मोठ्या आवाजात, सगळ्या बोळाला ऐकू जाईल असे विचारले:

“निकामी? कशावरून?”

बोळातले सगळे थबकले. सामान-विभागाच्या माणसाने इकडे तिकडे पाहिले.  मोठ्या बाई हसू लागल्या, हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. सावकाश वायर आणायला गेला, तो चक्क पळत गेला.

त्याने बटण दाबले. माझा पंखा एकदा कण्हला, दोनदा कण्हला आणि फिरू लागला. दिवा लागला. सगळ्यात तळाशी राहिलेली एकच फाईल माझ्याकडे होती, पहिल्या वर्षाची. तीच मी उघडून दाखवली.

आता मी बोळाच्या टोकाला, खिडकीजवळ, त्याच जुन्या स्टुलावर असतो. शाळेतली मुले संस्था पाहायला येतात तेव्हा त्यांना ती ओळ दाखवतो. तुम्हीही या. आलात तर छत्री माझ्यावर ठेवू नका, आणि माझे एवढे ऐका. तुम्हीही दिवसभर चिठ्ठ्या लावत असता. वर्गातला एकजण ‘ढ’, एखादी ‘भांडखोर’, घरातला जुना पंखा ‘बिनकामाचा’. लावण्याआधी स्वतःला विचारा, कशावरून? डोळ्यांनी पाहिले, की दुसऱ्यासारखे दिसते म्हणून? खात्री नसेल तर ‘बहुधा’ लिहा, आणि पुढे कोणी तो शब्द काढू लागले तर काढू देऊ नका. दिसायला तो एवढासा आहे. पण मी तो चार हजार दोनशे सतरा वेळा काढला आहे. त्याच्या जागी काय उगवते, ते मला ठाऊक आहे.

माझ्यावरची जुनी चिठ्ठी मोठ्या बाईंनी त्याच दिवशी सोलून काढली आणि नवी लावली. शेवटच्या दिवशी, निघता निघता, त्यांनी लिहिलेली ती शेवटची चिठ्ठी. सावकाश रोज आल्यावर तिच्यातले काम करतो आणि मगच वर जातो. ती अशी आहे:

‘जुना सर्व्हर. बहुधा अजून पुष्कळ वर्षे चालेल. कशावरून? रोज सकाळी बटण दाबून पाहतो.’